चार जीबी रॅम बसवूनही सव्वातीनच का दिसते: जुन्या संगणकाची मेमरी तपासण्याची आणि मिळवण्याची रीत

धुळ्याच्या बाजार समितीच्या आवारातील एका भुसार अडत दुकानात मी संगणक पाहायला गेलो, तेव्हा मालकांनी मला बसायलाही न सांगता थेट पडद्याकडे बोट दाखवले. आदल्याच आठवड्यात त्यांनी जुन्या संगणकात दोन जीबीची आणखी एक स्टिक बसवून घेतली होती. आधीची दोन आणि नवी दोन मिळून चार जीबी व्हायला हवी होती, पण विंडोज एक्सपीच्या चौकटीत ३.२५ जीबी एवढाच आकडा दिसत होता. "भाऊ, चारना पैसा दिधा, तीनच दिसस," असे म्हणून त्यांनी स्टिक विकणाऱ्याचा उद्धार सुरू केला. मी कॅबिनेट उघडून पाहिले. दोन्ही स्टिक अस्सल होत्या, दोन्हींवर दोन जीबीचे लेबल होते आणि संगणक सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये, ४०९६ एमबी पूर्ण मोजली जात होती. विकणाऱ्याने फसवले नव्हते आणि स्टिकही बिघडलेली नव्हती. पाऊण जीबी मेमरी जागेवरच होती, फक्त तिला पत्ता उरला नव्हता.

ही तक्रार खानदेशातल्या दुकानांत, शाळांच्या संगणक कक्षांत आणि जिनिंगच्या कार्यालयांत आजही ऐकू येते, कारण दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे संगणक अजून कामावर आहेत. नवी स्टिक विकत घेण्यापूर्वी, किंवा घेतलेली परत करायला निघण्यापूर्वी, मर्यादा नेमकी कोठे आहे हे कसे शोधायचे आणि ती कोठे उठवता येते, हे पुढे सांगितले आहे.

पत्ते कमी पडतात म्हणजे काय

मेमरीतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो आणि प्रोसेसर त्या क्रमांकावरूनच तिथे काही ठेवतो किंवा तिथून उचलतो. ३२ बिटच्या व्यवस्थेत हा क्रमांक लिहायला ३२ घरे असतात आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक एवढेच मावते, त्यामुळे एकूण क्रमांक होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे बरोबर चार जीबी. एवढे ऐकल्यावर कोणीही विचारेल की मग चार जीबी तरी पूर्ण का मिळत नाही. अडत दुकानाच्या मालकांनीही हेच विचारले, आणि त्यांना उत्तर त्यांच्याच आवारातून द्यावे लागले.

समजा, बाजार समितीच्या नोंदवहीत गाळा क्रमांकासाठी दोनच अंकांचा रकाना आहे. ०० पासून ९९ पर्यंत शंभर क्रमांक झाले आणि आवारात गाळेही शंभरच बांधले आहेत. पण वजनकाटा, कार्यालय, उपाहारगृह, पहारेकऱ्याची खोली यांनाही याच नोंदवहीतून क्रमांक द्यावे लागतात, कारण हमालाला तिथेही पाठवायचे असते. या सगळ्यांना शेवटचे क्रमांक, ८१ ते ९९, देऊन टाकले. आता शेवटचे एकोणीस गाळे भक्कम उभे आहेत, त्यांना शटर आहे, कुलूप आहे, पण क्रमांक नाही, म्हणून तिथे एकही पोते जात नाही. उरले एक्याऐंशी गाळे. चार जीबीपैकी सव्वातीन जीबी म्हणजे शंभरातले साधारण एवढेच होतात.

संगणकातला वजनकाटा आणि कार्यालय म्हणजे ग्राफिक कार्ड, नेटवर्क कार्ड, ध्वनी कार्ड, बायोसची चिप आणि मदरबोर्डवरील इतर नियंत्रक. प्रोसेसर यांच्याशीही मेमरीच्याच पत्त्यांवरून बोलतो आणि हे पत्ते चार जीबीच्या सीमेच्या लगत, वरून खाली असे राखून ठेवलेले असतात. पीसीआय एक्सप्रेसच्या मांडणीसाठीच २५६ एमबीपर्यंत पत्ते जाऊ शकतात आणि ग्राफिक कार्ड आणखी २५६ किंवा ५१२ एमबीचे पत्ते अडवून बसते. म्हणूनच एका संगणकात ३.५ दिसते, दुसऱ्यात ३.२५ आणि मोठे ग्राफिक कार्ड लावलेल्या तिसऱ्यात २.७५. चांगले कार्ड बसवल्यावर रॅम कमी झाली, अशी तक्रार घेऊन मुले येतात तेव्हा त्यांचे निरीक्षण खरे असते, निष्कर्ष तेवढा चुकतो.

प्रोसेसर बनवणाऱ्यांनी यावर तोड फार लवकर काढली होती. १९९५ मध्ये आलेल्या पेंटियम प्रोमध्ये पीएई नावाची सोय होती, तिने प्रत्यक्ष मेमरीचा पत्ता ३६ बिटांचा केला आणि मर्यादा ६४ जीबीवर नेली. विंडोजच्या सर्व्हरसाठीच्या काही ३२ बिट आवृत्त्यांनी ही सोय वापरलीही. मग घरगुती विंडोजमध्ये ती का नाही? याचे खरे कारण ड्रायव्हरमध्ये, म्हणजे जोडलेले प्रत्येक उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, आहे. पुन्हा नोंदवहीकडे या: वहीचा रकाना तीन अंकी केला, पण जुने हमाल दोनच अंक वाचतात. १०५ क्रमांकाच्या गाळ्याची पोती तो निमूटपणे ०५ मध्ये नेऊन टाकतो आणि ०५ वाल्याच्या मालावर दुसऱ्याचा माल पडतो. प्रिंटरच्या, कॅमेऱ्याच्या आणि स्वस्त कार्डांच्या अनेक ड्रायव्हरांचे असेच होते. पत्ता नेहमी ३२ बिटांतच मावेल असे धरून ते लिहिलेले होते आणि चार जीबीच्या वरचा पत्ता आला की संगणक निळा पडदा दाखवून बंद पडत असे किंवा, त्याहून वाईट, गुपचूप चुकीच्या जागी लिहीत असे. म्हणून मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून पीएई चालू असली तरी चार जीबीच्या वरचे पत्ते वापरायचेच नाहीत असे ठरवून टाकले. पुढे व्हिस्टा, विंडोज ७ आणि विंडोज १० यांच्या ३२ बिट आवृत्त्यांतही हीच मर्यादा राहिली. ही मर्यादा काढून देणारे पॅच इंटरनेटवर मिळतात. ज्या संगणकावर शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या आहेत त्यावर ते मी लावत नाही आणि तुम्हीही लावू नयेत, कारण आतले हमाल कोणते आहेत हे बाहेरून कळत नाही.

तपासणी: आधी तीन आकडे कागदावर

पहिला आकडा स्टिकवरच्या लेबलांची बेरीज. दुसरा आकडा बायोसमधला. संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहिले की बायोस उघडते आणि पहिल्याच पानावर एकूण मेमरी लिहिलेली असते. काही बायोस बसवलेली आणि वापरात येणारी अशा दोन्ही संख्या दाखवतात, त्या दोन्ही लिहून घ्याव्यात. तिसरा आकडा विंडोजचा. विंडोजची कळ आणि पॉज कळ एकत्र दाबली की सिस्टिमची चौकट उघडते. विंडोज ७ मध्ये तिथे बसवलेली मेमरी ४.०० जीबी आणि तिच्यापुढे ३.२५ जीबी युजेबल असे लिहिलेले असते, तर एक्सपी फक्त मिळालेला आकडा दाखवते. त्याच चौकटीत सिस्टिम टाइपसमोर ३२ बिट की ६४ बिट तेही लिहिलेले असते. एक्सपीमध्ये मात्र नावापुढे 'एक्स ६४ एडिशन' असे शब्द नसतील तर ती ३२ बिट समजावी. या तीन आकड्यांपैकी कोणत्या दोघांमध्ये फरक पडतो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

लेबल आणि बायोस यांच्यातच फरक असेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही, अडचण कॅबिनेटच्या आत आहे. आपल्याकडे याची पहिली शंका धुळीवर घ्यावी. चाळीसगावकडच्या एका जिनिंगच्या कार्यालयातील संगणकाची बाजू मी काढली, तेव्हा पंख्यावर आणि मेमरीच्या स्लॉटवर कापसाच्या तंतूंची पांढरी साय बसलेली होती आणि दोनपैकी एक स्टिक बायोसला दिसतच नव्हती. अशा वेळी संगणक बंद करून प्लग काढावा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून आतली उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी आणि मगच दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून स्टिक काढावी. सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने हलके घासून, रबराचा चुरा ब्रशने झटकून टाकावा. स्लॉटमधील तंतू कोरड्या ब्रशने काढावेत, तोंडाने फुंकू नयेत, कारण फुंकरीबरोबर ओल जाते. स्टिक बसवताना तिची खाच स्लॉटच्या उंचवट्यावर येते का ते पाहावे. डीडीआर२ आणि डीडीआर३ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे जोर लावूनही बसत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी लेबल वाचावे. दोन्ही खिट्ट्या टक्‌ असा आवाज करून बसल्या पाहिजेत. एवढे करूनही दिसत नसेल तर एक-एक स्टिक प्रत्येक स्लॉटमध्ये आळीपाळीने लावून पाहावी, म्हणजे स्टिक खराब आहे की स्लॉट, हे कळते. दोन्ही ठीक असूनही आकडा अडत असेल तर मदरबोर्डची स्वतःची कमाल मर्यादा गाठलेली असते. ती बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेली असते.

बायोसमध्ये पूर्ण आणि विंडोजमध्ये कमी, हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. विंडोज ३२ बिटची असेल आणि आकडा पावणेतीन ते साडेतीनच्या दरम्यान असेल, तर वर सांगितलेले गाळ्यांचे कारण लागू आहे आणि त्या विंडोजमध्ये राहून करण्यासारखे फार थोडे आहे. विंडोज ७ किंवा त्यापुढे असेल तर टास्क मॅनेजरमधून रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीचे पान पाहावे. तिथे 'हार्डवेअर रिझर्व्हड' असा करडा तुकडा दिसतो. चार जीबीपैकी ३.२५ वापरात असेल तर हा तुकडा सुमारे ७६८ एमबीचा असतो.

आकडा बरोबर दोनवर अडला असेल तर आवृत्तीचे नाव पाहावे. लहान नेटबुकवर येणारी विंडोज ७ स्टार्टर दोन जीबीच्या पुढे जातच नाही. ती पत्त्यांची अडचण नसून विक्रीची वर्गवारी आहे. ६४ बिटच्या विंडोज ७ मध्येही होम बेसिकला ८ जीबी, होम प्रीमियमला १६ जीबी आणि प्रोफेशनलपासून पुढे १९२ जीबी अशा पायऱ्या आहेत.

विंडोज ६४ बिटची असूनही मेमरी कमी दिसत असेल तर दोन जागा पाहायच्या. पहिली एमएसकॉन्फिग: स्टार्टमध्ये हे नाव टाइप करून बूटच्या पानावरील 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडावे आणि 'मॅक्झिमम मेमरी' पुढे खूण असेल तर ती काढावी. संगणक वेगवान करण्याची युक्ती म्हणून कोणीतरी ही खूण करून ठेवलेली असते. तिने मेमरी वाढत तर नाहीच, उलट लिहिलेल्या आकड्यावर अडते. दुसरी जागा बायोस: 'मेमरी रिमॅप' किंवा 'मेमरी होल रिमॅपिंग' अशा नावाची सेटिंग असेल तर ती चालू करावी. नोंदवहीच्या भाषेत सांगायचे तर क्रमांक गमावलेल्या एकोणीस गाळ्यांना १०० च्या पुढचे क्रमांक देणे म्हणजे रिमॅप. वही तीन अंकी असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, म्हणून ३२ बिटच्या घरगुती विंडोजमध्ये ही सेटिंग चालू करून काही मिळत नाही. काही बोर्डांवर तर आकडा आणखी खाली येतो.

इथे एक मोठा खड्डा आहे. इंटेलच्या ९४५ मालिकेतील चिपसेटचे (प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या मुख्य चिपांचे) बोर्ड आपल्याकडे पुष्कळ विकले गेले आणि अजून पुष्कळ चालू आहेत. त्या चिपसेटलाच ३२ बिटच्या पलीकडचे पत्ते कळत नाहीत आणि त्यात रिमॅपची सोय नाही. त्यावर ६४ बिटचा प्रोसेसर बसवा, ६४ बिटची विंडोज टाका, चार जीबीपैकी सव्वातीनच्या आसपासच मिळणार. म्हणून फॉरमॅट मारण्यापूर्वी सीपीयू-झेड हा छोटा फुकट प्रोग्रॅम चालवून मेनबोर्डच्या पानावर चिपसेटचे नाव वाचून घ्यावे. पाच मिनिटांच्या या कामाने दिवसभराची फुकटची मेहनत वाचते.

मदरबोर्डवरच पडद्याची जोडणी असेल, म्हणजे वेगळे ग्राफिक कार्ड नसेल, तर रॅमचा एक भाग चित्रासाठी बाजूला काढलेला असतो. ही मेमरी पत्त्याअभावी गेलेली नसते, ती खरोखर वापरली जाते. फक्त हिशेब आणि टंकलेखन करणाऱ्या संगणकात बायोसमधून हा वाटा सर्वांत कमी पर्यायावर आणता येतो.

६४ बिटकडे जायचे असेल तर

प्रोसेसर ६४ बिटचा आहे की नाही हे आधी पाहावे. विंडोज १० च्या अबाउट पानावर '३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स ६४ बेस्ड प्रोसेसर' असे लिहिलेले असेल तर वाट मोकळी आहे. ही ६४ बिटची रचना एएमडीने २००३ मध्ये बाजारात आणली आणि काही वर्षांत इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांतही आली, त्यामुळे २००८ नंतरच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती असते.

माझे मत विचाराल तर एकूण रॅम चारच जीबी असेल आणि वाढवायची नसेल, तर केवळ पाऊण जीबीसाठी ही उठाठेव करू नये. ६४ बिटची विंडोज स्वतःच अधिक मेमरी खाते. विंडोज ७ साठी किमान गरज ३२ बिटला १ जीबी आणि ६४ बिटला २ जीबी सांगितलेली होती, यावरून अंदाज येईल. त्या पैशांत हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली तर फरक पहिल्या दिवशी जाणवतो. सहा किंवा आठ जीबी बसवणार असाल तर मात्र ६४ बिटला पर्याय नाही.

३२ बिटवरून ६४ बिटवर थेट अपग्रेड होत नाही, विंडोज नव्याने टाकावी लागते. म्हणून बॅकअप आधी घ्यावा, आणि तो त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर न घेता बाहेरच्या डिस्कवर घेऊन, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. यानंतर कॅबिनेटला काय काय जोडलेले आहे याची यादी करावी. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत. जुना स्कॅनर, वजनकाट्याची जोडणी, मराठी टंकलेखनाच्या जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्यासाठी मागे खोचायची किल्ली), यांपैकी एकाचाही ६४ बिट ड्रायव्हर मिळत नसेल तर काम तिथेच अडते. विंडोजच्या आधीच्या डॉस या व्यवस्थेवर चालणारे आणि १६ बिटचे प्रोग्रॅमही ६४ बिटच्या विंडोजमध्ये थेट उघडत नाहीत. फॉक्सप्रोत लिहून घेतलेले हिशेबाचे प्रोग्रॅम आपल्याकडच्या अडतीवर अजून आहेत आणि ते लिहिणारा मनुष्य आता सापडत नाही. डॉसबॉक्समध्ये किंवा आभासी संगणकात ते चालवता येतात, पण डॉट मॅट्रिक्सवर छपाई होते का हे जुनी व्यवस्था मोडण्यापूर्वी तपासावे.

आणखी एक अपेक्षा आधीच बेतात ठेवावी. ६४ बिटच्या विंडोजमध्ये आठ जीबी दिसू लागली तरी ३२ बिटचा एखादा प्रोग्रॅम स्वतःसाठी साधारणपणे दोनच जीबी पत्ते वापरू शकतो. तो मोठे पत्ते ओळखतो असे बनवणाऱ्याने नोंदवले असेल तरच त्याला चार जीबीपर्यंत जाता येते.

विंडोज १० चा परवाना ३२ आणि ६४ बिट दोन्हींना चालतो, परंतु तिचे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांना स्वीकारत नाही. इंटरनेट वापरायचे असेल तर अशा संगणकावर लिनक्सचा विचार करावा. पीएई असलेले ३२ बिटचे लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चार जीबीच्या वरची मेमरी वापरू शकते, कारण त्याचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच सुधारत गेले. तरीही प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर लिनक्सही ६४ बिटचेच टाकावे.

विंडोज ९८ अजून कोणाच्या संगणकावर चालत असेल तर उलट पथ्य आहे: ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम बसवली की तिची फाइल साठवणारी व्यवस्था पत्ते गिळते आणि मेमरी भरपूर असूनही मेमरी संपल्याचा संदेश येतो. सिस्टिम डॉट आयएनआय फाइलच्या व्हीकॅश विभागात मॅक्सफाइलकॅशला मर्यादा घालून हे टळते, पण सोपा उपाय म्हणजे जादा स्टिक काढून ठेवणे. डॉसची ६४० केबीची मर्यादा याच घराण्यातली; ८०८६ प्रोसेसरचे पत्ते २० बिटांचे, म्हणजे १ एमबीचे, आणि त्यातले वरचे ३८४ केबी पडदा आणि बायोस यांच्यासाठी राखलेले.

धुळ्याच्या त्या संगणकात शेवटी ९४५ चाच चिपसेट निघाला आणि हिशेबपट्टीचा प्रोग्रॅम डॉसवरचा होता, त्यामुळे मी काहीही बदलले नाही. मालकांनी मुनीमजींकडून काटापट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर "४ बसवली, ३.२५ चालते, स्टिक चांगली" असे लिहून घेतले आणि तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावायला सांगितला, म्हणजे पुढचा दुरुस्तीवाला झाकण उघडेल तेव्हा त्याला पुन्हा तीच पोथी ऐकावी लागणार नाही.